खोक्यावरचं कुंकू

आतल्या खोलीतून 'घुर्रर्र' असा आवाज आला तेव्हा मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. बालवाडीत नळाला पाणी नव्हतं, म्हणून मुलांना लवकर सोडून मी दुपारीच घरी आले होते. नवरा फिरतीवर, आणि सासरे या वेळेला मारुतीच्या पारावर गप्पा हाणत बसलेले असायचे. म्हणजे घरात कुणी असायचं कारण नव्हतं. आवाज पुन्हा आला, आणि त्याच्या मागून हलकासा 'पों'. मी एक चप्पल हातात घेतली आणि दार ढकललं.

आत तात्या होते. माझे सासरे, हिंदुराव पिसाळ. साखर कारखान्यात हेड फिटर म्हणून उभी हयात घालवलेला माणूस, ज्यांना बघून गल्लीतली पोरं विड्या विझवायची. ते फरशीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या हाताखाली एक लाल लॉरी चालली होती. लॉरीत माल म्हणून चुन्याची डबी आणि सुपाऱ्या भरल्या होत्या. मला बघताच त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तिच्यावर टाकला.

"पाल शिरली हुती," ते म्हणाले.

"पाल पों करते होय, तात्या?"

मला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझं हसू ओठातच राहिलं. आमच्या बालवाडीत दुसऱ्याच्या डब्यातला लाडू खाताना पोर सापडतं, तसा तो चेहरा झाला होता. ओठाला चुना लागलेला, डोळे खाली.

"संग्रामला सांगू नको पोरी," ते म्हणाले. "त्याला सहन व्हायचं न्हाई."

तात्या आता नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही. आणि संग्राम म्हणजे माझा नवरा. त्याचं नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही.

लग्न होऊन मी कराडच्या या घरात आले तेव्हा मला सगळं घर दाखवलं, पण एका खोलीला कुलूप. मला वाटलं, अडगळ असेल. चार दिवसांनी संग्रामनं स्वतः कुलूप काढलं आणि मी बघतच राहिले. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर खेळण्यांची खोकी. पत्र्याच्या मोटारी, लॉऱ्या, क्रेन, किल्लीची माकडं, बॅटरीवर चालणारे यंत्रमानव. सगळं आपापल्या खोक्यात, जसं दुकानातून आलं तसं, चिकटपट्टीसकट. खिडकीला जाड पडदा, उन्हानं रंग उडू नये म्हणून. दर रविवारी संग्राम गालाला पावडर लावायच्या ब्रशनं एकेका खोक्यावरची धूळ झटकायचा. मी एकदा विचारलं होतं, की आत काय आहे ते उघडून तरी बघितलंत का कधी. तर म्हणाला, उघडलं की संपलं.

मी कपाळाला हात लावला. आमच्या घरात माणसांपेक्षा खोक्यांची बडदास्त जास्त. माहेरी गेले की मी सगळ्यांना हसवायचे, म्हणायचे, आमचे हे खोकेवाले. मैत्रिणींचे नवरे पितात, पत्ते कुटतात, त्यापेक्षा बरं, असं आई म्हणायची. तेही खरंच होतं.

तर त्या दुपारी तात्यांनी मला सगळं दाखवलं. किल्ली संग्रामच्या कपाटात बनियनखाली असते, हे त्यांना ठाऊक होतं. खोक्याचं झाकण जिथं डिंकानं चिकटवलेलं असतं, तिथं ते फिटरकामातली पात्यासारखी पातळ पोलादी पट्टी जराशी ऊन करून सरकवायचे. कागद फाटत नाही, चिकटपट्टीला सुरकुती पडत नाही. खेळून झालं की खेळणं फडक्यानं पुसून आत, आणि झाकण परत होतं तसं. मी डोळ्याजवळ नेऊन बघितलं तरी मला काही कळलं नाही.

"पण कशाला तात्या? पाहिजे तर बाजारातून एक आणून देते तुम्हाला," मी म्हटलं.

"बाजारातली नको," एवढंच बोलले आणि लॉरी खोक्यात घालू लागले.

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं म्हणून मी तो विषय सोडला. वर त्यांना कारलं शिजवून घालणार नाही, असंही वचन देऊन बसले, कारण गुपित फोडणार नाही या वचनाचा त्यांना भरवसा येईना. त्यानंतर अधूनमधून दुपारी आले की घुर्रर्र ऐकू यायचं आणि मी मुद्दाम दार वाजवून आत जायचे. कधी त्यांना चहा नेऊन द्यायचे. एकदा तर किल्लीचं माकड टाळ्या वाजवायचं थांबेना म्हणून मी त्यावर उशी दाबून धरली होती, कारण बाहेर संग्रामची मोटारसायकल वाजली होती.

मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. पण रविवारी संग्राम ब्रश घेऊन बसला की मी काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात पळायचे. एका रविवारी तो आपणहून म्हणाला, "या घरात माझं म्हणून एवढंच आहे बघ. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून किल्ली अशी बिनकुलपाच्या कपाटात ठेवतो." मी भाजी निवडत होते. मेथीची पानं टाकून काड्याच पातेल्यात घातल्या मी.

बापलेकांचं भांडण होतं असं नव्हे. भांडण परवडलं. दोघं एकमेकांशी बोलायचे ते दुकानदार आणि गिऱ्हाईक बोलतात तसं. औषध घेतलं का, गॅसचा नंबर लावला का, जेवण झालं का. सासूबाई होत्या तोवर त्या मध्ये निरोप्याचं काम करायच्या म्हणे. त्या गेल्या आणि ते काम माझ्याकडे आलं. तात्या मला सांगायचे, त्याला म्हणावं स्वेटर घाल. आणि तो शेजारच्याच खुर्चीत बसलेला असायचा.

मग दसऱ्याच्या तोंडावर संग्राम नाचतच घरी आला. पुण्यात अशा शौकिनांचं एक मोठं प्रदर्शन भरतं. त्यात नुसती जुनी खेळणी नाही, तर एकदाही न उघडलेली जुनी खेळणी मांडतात. किती वर्षं तो अर्ज करत होता. यंदा त्यांनी कळवलं की आमचे नगरकर नावाचे गृहस्थ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन बघतील. संग्रामनं त्याची लाडकी पिवळी क्रेन खाली काढून ठेवली. हा माणूस स्वतःच्या लग्नातही इतका हसला नव्हता, आल्बम बघा.

मी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आता बास. आता काही झालं तर त्याचं पुण्यातलं नाव जाईल आणि तुमचं घरातलं. तात्यांनी गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. म्हणाले, आता पट्टीला हात लावणार नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. तात्यांनी पाटावर नटबोल्टचे पाने, हातोड्या, कानशी मांडल्या. कारखाना सुटला तरी हत्यारं तेलपाणी करून लखलखीत ठेवलेली. माझी शिलाई मशीन, मिक्सर, संग्रामची मोटारसायकल, सगळ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं लागली. मग तात्या ताम्हन घेऊन कुलपाच्या खोलीसमोर उभे राहिले. संग्रामशी सरळ बोलले, हेच मला नवल.

"आतल्या गाड्यांना एकेक बोट लावू का? गाड्या हाईत त्या. खंडेनवमीला कोऱ्या ठिऊ नयेत."

संग्राम एकदम पांढरा पडला. तात्यांकडे न बघता म्हणाला, "नको. आजवर केलीत तेवढी पूजा पुरे झाली." आणि झेंडू आणायचं निमित्त करून बाहेर गेला. दारात झेंडूची टोपली भरलेली होती.

तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. माझ्या तव्यावर पुरणपोळी होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नगरकर आले. बारीक चणीचे, मऊ बोलणारे. हातात पांढरे मोजे घातले, खिशातून भिंग काढलं. संग्राम त्यांच्यामागं असा उभा की डॉक्टरनं पोराच्या छातीला नळी लावावी आणि बापानं श्वास धरावा. तात्या उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून सुपारी कातरत होते. नगरकरांनी पिवळ्या क्रेनच्या खोक्याचं झाकण बघितलं, चिकटपट्टी बघितली, वा वा म्हणाले. मग खोक्याला पुढून जो पारदर्शक कागद असतो, त्यातून भिंगानं आत बघितलं, आणि बघतच राहिले.

"बॉनेटवर लाल काहीतरी दिसतंय. गंज म्हणावा तर ही बाकी कोरी करकरीत."

त्यांनी शेजारची लाल लॉरी उचलली. मग निळी बस. मग आगीचा बंब. सगळ्यांच्या कपाळावर, बरोबर मधोमध, मोहरीएवढा ठिपका. बसच्या चाकापाशी झेंडूची वाळकी पाकळी. हे कुंकू आहे असा नगरकरांना उलगडा झाला तेव्हा त्यांचा हात सवयीनं नमस्काराला छातीपाशी गेला, आणि मग त्यांनी मोजे काढले. वाईट वाटून घेऊ नका म्हणाले, पण एकदा झाकण उघडलं की आमच्याकडे ते उघडलेलंच. कांदेपोहे न खाताच ते गेले.

स्टुलावर अडकित्ता थांबला होता. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला ते बघवलं नाही.

"मी लावलं," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं एवढं..."

संग्राम माझ्याकडे वळला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त कपाटातली बनियनं जिथं असतात तिकडं एकदा बघितलं. मी मान खाली घातली.

"ती खोटं बोलतीया," तात्या उंबऱ्यात येऊन म्हणाले. "तिचा काय संबंध न्हाई. म्या लावलं. आणि परवाच न्हाई, दोन वर्सं झाली, मी तुझी खोकी उघडतोय. सगळी उघडली. चालवली. ठिऊन दिली."

संग्राम खाली बसला. फळीला पाठ लावून, पाय पसरून. क्रेनचं खोकं त्यानं मांडीवर घेतलं. मग बोलला, पण माझ्याशी.

"तुला माहितीये का सुवर्णा, मी दुसरीत होतो तेव्हा यांना कारखान्यानं कसल्या तरी कामाला मुंबईला पाठवलं होतं. येताना माझ्यासाठी आगगाडी आणली. बॅटरीवरची. इंजिन, तीन डबे, गोल रूळ. गल्लीत कुणाकडे नव्हती. मी झाकणाला हात घातला, तर म्हणाले, आत्ता मोडशील. मोठा झालास की देतो. आणि ट्रंकेत ठेवली." तो थांबला. "दर खंडेनवमीला काढायचे. हातोडीशेजारी पाटावर ठेवायचे, खोक्याला कुंकू लावायचे आणि मला म्हणायचे, पाया पड. मी पडायचो. मग परत ट्रंकेत. एका वर्षी मी विचारलं, आता मोठा झालो का. तर आईला म्हणाले, बघ कसा हावरा आहे. त्यानंतर मी कधी विचारलं नाही."

खोकेवाले, खोकेवाले म्हणून मी माहेरी सगळ्यांना हसवत होते. स्वतःच्या खेळण्यासमोर हात जोडून उभा राहिलेला दुसरीतला पोरगा मला कधी दिसला नव्हता. दिवसभर तसलीच पोरं सांभाळते मी, आणि घरातलं एक मला ओळखता आलं नाही.

तात्या आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ते खोकं होतं. वरचं चित्र जवळजवळ दिसतच नव्हतं. वर्षावर्षाचं कुंकू एकावर एक बसून त्याचा पापुद्रा झाला होता.

"मला वाटायचं, जपलं की टिकतं," तात्या म्हणाले. "गरिबीत वाढल्याली माणसं आम्ही. माझ्या हातात लहानपणी खेळणं म्हणून चिंचोके आले. एवढी मोलाची वस्तू पोराच्या हातात द्यायची तर माझीच छाती झाली न्हाई. मग तू मोठा झालास, आणि ही खोकी आणून लावाय लागलास. बोलला न्हाईस, पर मला कळायचं, हे कुणी शिकवलं तुला. तू गेलास की मी एकेक उघडायचो. बघायचो चालवून. म्हटलं, मी ह्याच्यापासनं काय काढून घेतलं ते तरी बघू. कुंकू लावलं, ते, गाड्यांची माफी मागितली म्हण." त्यांनी खोकं संग्रामच्या पुढ्यात ठेवलं. "उघड. उशीर झाला, पर उघड."

संग्रामनं हात पुढं केला आणि मागं घेतला. झाकण त्याच्याच्यानं उघडवेना. बोटं चिकटपट्टीच्या कडेपर्यंत जायची आणि थांबायची. शेवटी तात्यांनीच नखानं ती पट्टी ओढली. जुनी चिकटपट्टी ती, आवाजसुद्धा न करता सुटून आली.

मला आतमध्ये झळझळीत आगगाडी दिसेल असं वाटलं होतं. देवाशप्पथ, मी मनात म्हटलंही, आता बापलेकाचं सगळं ठीक होणार. पण आतून आंबूस वास आला. खोक्यात बॅटरीही घालून दिलेली होती, ती फुटून वाहिली होती आणि इंजिनाचा तळ पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारख्या थरानं खाल्ला होता. चाकांचं रबर विरघळून रुळांना चिकटलं होतं. तात्यांनी एक डबा उचलला, तर छत त्यांच्या हातात आणि बाकीचा डबा खाली.

त्यांनी इंजिन उलटं केलं. पाटावरच्या हत्यारांतून कानस आणली, धोतराच्या सोग्यानं चाकं पुसली, सेलच्या पट्ट्या घासल्या, माझ्या घड्याळातले सेल काढून लावले. ज्या हातांनी कारखान्याचे रोलर उतरवून चढवले, त्या हातांनी बटण दाबून बघितलं. इंजिन हललं नाही.

"हंगाम संपला की आम्ही बंद मशीन रोज हातानं फिरवायचो," ते इंजिनाकडे बघत म्हणाले. "नव्या पोरांना मीच सांगायचो, पडून राह्यलं की मेलं. उभा जन्म तेच सांगितलं. आणि माझ्याच ट्रंकेत..."

चष्मा काढला, परत घातला. सत्तरीचा माणूस लेकासमोर असा बसला की शिक्षा काय ती लवकर सांगा. मला वाटलं पुढं व्हावं, दोघांत काहीतरी निरोप द्यावा. पण मी दाराची चौकट धरून तिथंच उभी राहिले.

संग्रामनं त्यांच्या हातातलं इंजिन घेतलं. मला वाटलं फेकतो आता. त्यानं ते फरशीवर ठेवलं आणि उरलेले दोन डबे मागं जोडले. मग पोटावर पालथा झाला. पस्तिशीचा बाप्या, इस्त्रीच्या शर्टात, नगरकरांसाठी मुद्दाम घातलेल्या. त्यानं गाडी बोटानं ढकलली. चाकं फिरत नव्हती, गाडी नुसती घासत होती. फरशीवर पांढरी रेघ उठली. पुढं तात्यांचे पाय आडवे आले, तिथं तो थांबला.

तात्यांनी बघितलं. मग एका हातानं फळीचा आधार घेऊन त्यांनी दोन्ही गुडघे हळूहळू उभे केले. खाली बोगदा झाला. गुडघे दुखतात म्हणून त्यांना मी जमिनीवर बसू देत नसे.

संग्रामनं गाडी बोगद्याच्या तोंडाशी आणली. आणि मान वर न करता म्हणाला, "आवाज तुम्ही काढा, तात्या. मला येत नाही."

तात्यांनी तोंड उघडलं. लॉरीचा, बंबाचा, माकडाचा, सगळे आवाज काढणारं ते तोंड, त्यातून हवासुद्धा बाहेर पडेना. ओठ नुसते हलले. गाल ओले झाले. गाडी बोगद्याशी उभी, लेक पालथा पडलेला, बाप गुडघे धरून बसलेला, आणि दोघंही वाट बघतायत.

शेवटी मीच दारातून 'कूऽऽ' केलं, आणि गाडी आत शिरली.